थांबा, माझं बोलून झालेलं नाही

तारांगणाच्या व्यवस्थापकांच्या तोंडून 'मित्रहो' हा शब्द कसा निघतो, ते लिहून दाखवणं अवघड आहे. आधी ते घसा खाकरतात. मग 'मि'वर चढतात, 'त्र'वर घसरतात आणि 'होऽऽ'वर असे रेंगाळतात की तेवढ्यात माणसाने बुटाची नाडी बांधून घ्यावी. घुमटाखाली शाळा भरून पोरं बसलेली असोत नाहीतर समोर एकटा शिपाई असो, मित्रहोच. "मित्रहोऽऽ, तो पंखा जरा बंद करा." त्यामुळे आमच्या घरात त्यांचं नाव मित्रहोसाहेब. त्यांची नक्कल मी घरी इतक्या वेळा केली आहे, की बाबा जेवताना भाजीसुद्धा "मित्रहोऽऽ, भाजी" असं म्हणून मागतात.

ही नक्कल एकदा आमच्या चांगलीच अंगाशी आली. पण ते सांगायचं तर आधी माझी ताई सांगायला हवी.

माझी ताई बोलत नाही. म्हणजे तोंडाने बोलत नाही. एरवी घरात सगळ्यांत जास्त बोलते ती तीच. जन्माच्या वेळी तिच्या मेंदूला हवा कमी पडली, आणि तेव्हापासून तिचे हात, मान आणि जीभ तिचं ऐकत नाहीत. हात पुढे न्यायला जावं तर तो खांद्यावरून मागे जातो. मान सरळ धरायला जावं तर ती छताची पाहणी करून येते. ऐकतो तो एकच, डावा गुडघा. "घरात एक तरी आज्ञाधारक आहे," असं बाबा माझ्याकडे बघून म्हणतात.

मी लहान होते तेव्हा ताईचं बोलणं आईच्या बोटावर चालायचं. पुठ्ठ्यावर अक्षरं लिहिलेली. आई ओळींवरून बोट फिरवायची, हव्या त्या ओळीवर ताई डोळे मिटायची, मग अक्षरांवरून बोट, पुन्हा डोळे. एका वाक्याला कुकरच्या दोन-तीन शिट्ट्या व्हायच्या. पाहुणे हे सगळं बघत बसायचे आणि मग अगदी साखरेत घोळवलेल्या आवाजात आईला विचारायचे, "अगंबाई! कळतं का हो हिला सगळं?"

"हिला कळतं," आई बोट न थांबवता म्हणायची. "तुम्हाला कळतं का, ते ती विचारतेय."

याच पुठ्ठ्याच्या काळात आमच्या घरातला कायदा तयार झाला. झालं असं, की एकदा मामा आला होता. ताईने सुरुवात केली, 'मला पा'. मामा ताडकन उठला, "पाणी! पाणी हवंय पोरीला, बसलात काय!" आणि त्याने तिला पाणी पाजलं. ताईने डोळे वटारले आणि पुन्हा 'म'पासून सुरुवात केली. 'मला पा'. मामाने पुन्हा ग्लास भरला. तिसऱ्या ग्लासानंतर आईने त्याला स्वयंपाकघरात पिटाळलं, तेव्हा कुठे वाक्य पुरं झालं. 'मला पाय टेकायची फळी सरकवून द्या.' आणि त्याच्यापुढे, 'आणि मामाला घरी पाठवा.'

तेव्हापासून कायदा असा, की ताईचं वाक्य दुसऱ्या कुणी पुरं करायला गेलं, की ती ते पुसून टाकते आणि पहिल्या अक्षरापासून सुरू करते. तुमचा अंदाज बरोबर असला तरी पुसते. बरोबर असला तर जास्तच रागाने पुसते. आम्हा घरच्यांच्या ते अंगवळणी पडलं आहे. ताई बोलायला लागली की आम्ही तोंडात मूग गिळून बसतो, आणि बाहेरचं कुणी मध्ये बोलायला गेलं की आम्हीच कळवळतो, "नको हो, नको, पुन्हा पहिल्यापासून करेल ती!"

बाबांचं दुकान आमच्या घराच्या खालीच आहे. ते शिलाई मशीन दुरुस्त करतात. कपड्यांच्या कारखान्यातली मोठी मशीन येतात, त्यांना खाली गुडघ्याने दाबायची एक पट्टी असते. दोन्ही हात कापडावर अडकलेले असतात ना, म्हणून कापड धरून ठेवणारा दाब उचलायचं काम गुडघ्याने करायचं. ताई तेव्हा सोळा वर्षांची होती. दुकानात तिची खुर्ची एका कोपऱ्यात लावलेली असायची. एक दिवस ती त्या पट्टीकडे अशी टक लावून बसली, की बाबांना वाटलं खाली उंदीर आहे. त्यांनी वाकून बघितलं, पायाने ठोकून बघितलं. मग आई पुठ्ठा घेऊन आली. ताईने सांगितलं, 'ती पट्टी माझ्या खुर्चीला लावा.'

"आणि काय शिवणार आहेस?" बाबांनी विचारलं.

'तोंड उसवायचंय,' ताई म्हणाली.

पट्टी लागली. पट्टीखाली बटण लागलं. बटणाची वायर जुन्या कॉम्प्युटरला गेली. आता राहिला प्रोग्राम. तो ताईने सगळा डोक्यात रचला आणि आईला सांगितला, बोटाने, अक्षर अक्षर करत. आई लाँड्रीत दिवसभर इस्त्री करून यायची, हात धुवायची आणि कंस, अर्धविराम, पुन्हा कंस टाइप करत बसायची. "तुला यातलं काही कळतं का गं?" मी विचारलं होतं. "एक अर्धविराम विसरला तर पोरगी डोळे वटारते, एवढं कळतं," आई म्हणाली.

आणि एक दिवस ते चाललं. पडद्यावर अक्षरांच्या ओळी एकामागोमाग उजळायच्या, हवी ती ओळ आली की गुडघा, टक. मग त्या ओळीतलं अक्षर, टक. शब्द आपोआप सुचवणारी सोय सगळ्या कॉम्प्युटरमध्ये असते, ती ताईने मुद्दाम काढून टाकली. मशीनलासुद्धा तिचं वाक्य पुरं करायची परवानगी नाही.

अडचण झाली ती आवाजाची. तयार आवाज मिळत होता तो एका पुरुषाचा, आणि तोही असा की जणू आता फलाटावर गाडी येणार आहे. "कृपया. मला. चहा. द्या." पहिल्यांदा तो ऐकला आणि बाबा दचकून उठून उभे राहिले. "कोण साहेब आले?" आई हसून हसून खाली बसली. ताई हसली नाही. तिने टकटक करून त्याच साहेबाच्या आवाजात सांगितलं, "हा. आवाज. माझा. नाही. धाकटीला. बोलवा."

धाकटी म्हणजे मी, आठ वर्षांची. तेव्हा माझी कीर्ती दोन गल्ल्यांत पसरलेली होती. शेजारच्या आजोबांचा खोकला, डॉक्टरीणबाईंचं "आऽऽ कर, अजून आऽऽ", आमच्या मुख्याध्यापिकांचं नाकातून रागावणं, सगळं येत होतं, आणि मारही त्याच प्रमाणात मिळत होता. ताईने मला गोधड्यांच्या कपाटात बसवलं, कारण तिथे आवाज घुमत नाही. हातात माइक दिला आणि बाहेरून हुकूम सोडत राहिली. 'क. का. कि. नीट म्हण. झोपेतून उठल्यासारखं नको.' आवाजाचे तुकडे, शब्द, प्रश्न, हुंकार. आणि मग एक अख्खी दुपार नुसता राग.

"राग कशाला एवढा?" मी घामाघूम होऊन विचारलं.

'बाजारात जी बोलणारी यंत्रं मिळतात त्यांत काय असतं माहितेय? मला भूक लागली. मला शू लागली. धन्यवाद. आमच्यासारख्यांना भांडावंसं वाटेल हे कुणाच्या डोक्यातच आलं नाही. चल. रागाने म्हण. थांबा, माझं बोलून झालेलं नाही.'

मी म्हटलं.

'हा राग नाही. ही विनंती आहे. तुझी पेन्सिल मी चुलीत घातली असं समज.'

मी असं काही ओरडले, की खालून बाबा हातात पेचकस घेऊन धावत आले. ताईने तोच ठेवला. आजही ते बटण पडद्यावर सगळ्यांत मोठं आहे, पहिल्या ओळीतलं पहिलं, आणि ते दाबलं की माझा तोच आवाज येतो. बाकीचा आवाज आम्ही दर वर्षी नव्याने भरतो, मी जशी मोठी होते तसा ताईचा आवाज मोठा होतो. तेवढं एक वाक्य ती बदलू देत नाही.

ताईसारखी आणखी मुलं होती, त्यांच्याही खुर्च्यांना पट्ट्या लागल्या. कुणाला गुडघा, कुणाला हनुवटी, एकाला तर भुवई. प्रत्येकाला आवाज आपल्या घरातल्या कुणाचा तरी, आणि प्रत्येकाच्या पडद्यावर भांडणाची एक ओळ. त्यांच्यातल्या एकीने यंत्रावर बोललेलं पहिलं वाक्य होतं, "आई, तू मला भरवताना फोनवर बोलत जाऊ नकोस." तिची आई आनंदाने रडली आणि नंतर फोन बाजूला ठेवायला शिकली. ताईला कसलंसं मोठं बक्षीस मिळालं. बक्षीस देणारे गृहस्थ माइकवर गहिवरले, "अशा या आपल्या बिचाऱ्या मुलीने..." आणि मागून टक. "थांबा, माझं बोलून झालेलं नाही!" गृहस्थांच्या हातातला पुष्पगुच्छ उडाला. मग सावकाश टकटक झाली, आणि यंत्र म्हणालं, "बिचारी कोण?"

आता आकाशाचं सांगते.

ताईने एकदा वाचलं, की सूर्यमालेच्या पार गेलेलं एक जुनं यान आहे. ते इतकं लांब आहे, की आपला प्रश्न त्याच्याकडे पोहोचायला जवळजवळ एक दिवस लागतो आणि त्याचं उत्तर यायला आणखी एक. त्याचा आवाजही इतका क्षीण, की तो ऐकायला इमारतीएवढे अँटेना लागतात. त्या रात्री जेवायच्या टेबलावर ताईने घास घ्यायचं नाकारलं आणि बोलत बसली.

'ते यान हळू बोलतं. अगदी हळू. आणि जगातले सगळे शहाणे लोक जिवाचा कान करून बसतात. कुणी त्याचं वाक्य पुरं करत नाही. कुणी त्याला पाणी पाजत नाही.'

"मामाला तिथे नोकरीला ठेवायचं नाही, एवढं नक्की," बाबा म्हणाले.

पण ताईचं ठरलं होतं. ती भौतिकशास्त्र शिकली. परीक्षेत लेखनिक म्हणून दिलेली मुलगी तिची वाक्यं पुरी करायला लागली, तेव्हा पर्यवेक्षकांसमोर मोठं बटण दाबून तिने ती बदलून घेतली. रविवारी आमच्या दुकानात पट्टीवाल्या मुलांना ग्रह शिकवू लागली. शिलाई मशीनचं मोठं चाक सूर्य, रिळं म्हणजे बाकीची मंडळी. आणि बावीस वर्षांची झाली तेव्हा तिला तारांगणात काम मिळालं. मोठ्या खेळाचं निवेदन लिहायचं. वाचणार अर्थातच मित्रहोसाहेब.

साहेब माणूस वाईट नाहीत, हे मी नक्कल बाजूला ठेवून सांगते. त्यांचं आकाशावर खरोखर प्रेम आहे. पण त्यांना शांतता सोसत नाही. कुणी एक क्षण गप्प बसलं की त्यांना वाटतं काहीतरी बिघडलं. ताईने 'श' म्हटलं की ते म्हणणार, "शनी! बरोबर, शनीबद्दलच बोलायचंय आपल्याला." ताई पुसते. पुन्हा 'श'. "शुक्र!" पुसते. "शेजारचा तारा!" पुसते. ती एकदा पाऊण सकाळ त्यांना 'शेवटच्या भागात चूक आहे' एवढंच सांगत होती. संध्याकाळी घरी आली आणि तिने माझ्याकडे एकच मागणी केली. 'आवाज काढ.' मी मित्रहोसाहेब काढले. "मित्रहोऽऽ, वेळ नाहीये हो, वेळ नाहीये, तुम्हाला काय म्हणायचंय ते मला कळलंय!" ताई खुर्चीतून घसरेपर्यंत हसली आणि म्हणाली, 'हे यंत्रात भर.' भरलं. भांडणाच्या ओळीच्या खाली आणखी एक ओळ झाली, तिचं नाव भंकस.

तर तारांगणातल्या निवेदकाची जागा रिकामी झाली, कारण साहेबांना आता कारभारातून वेळ मिळत नव्हता. ताईने अर्ज केला. तिला अंधारात, घुमटाखाली, पोरांसमोर बसून बोलायचं होतं, त्यांचे प्रश्न घ्यायचे होते. त्यासाठीच तर ती शिकली होती. समिती बसली. अध्यक्षबाई, म्हणजे पांढऱ्या कापलेल्या केसांच्या, आयुष्यभर दुर्बिणीला डोळा लावून बसलेल्या बाई, त्यांच्या शेजारी दोन कुणीतरी, आणि साहेब. ताईची खुर्ची न्यायला मी.

ताईने छान सुरुवात केली. चंद्राबद्दल बोलली. साहेब दोनदा मध्ये बोलले, दोनदा पुसलं गेलं, दोनदा मी पायाचा अंगठा दाबून धरला. तिसऱ्यांदा साहेब पुढे वाकले, "हां हां, म्हणजे भरती-ओहोटी म्हणायचंय तुम्हाला." ताईचा तिळपापड झाला. राग आला की गुडघा जोरात येतो आणि एक ओळ खाली बसतो. तिला भांडणाची ओळ हवी होती.

टक.

"मित्रहोऽऽ," यंत्र म्हणालं, "वेळ नाहीये हो, वेळ नाहीये, तुम्हाला काय म्हणायचंय ते मला कळलंय!"

खोलीत असं काही झालं की मला टेबलाखाली जावंसं वाटलं. अध्यक्षबाईंच्या शेजारचे दोघे फाइलमध्ये तोंड घालून खदखदायला लागले. साहेबांचे कान लाल झाले. आधी ते यंत्राकडे बघत राहिले, मग माझ्याकडे. आणि मग, मला वाटलं होतं ते ओरडतील, पण ते अगदी शांत झाले.

"हा आवाज तुझा आहे," ते मला म्हणाले.

"हो."

"हे सगळे आवाज तुझेच?"

"हो."

"मग झालं की!" ते समितीकडे वळले. "कशाला एवढी यातायात? मोठी लिहील, धाकटी बोलेल. हिचा आवाज बघा, काय फिरतो! ना थांबणं, ना टकटक. लोकांना जिवंत आवाज ऐकायला मिळेल. आणि आवाज तसाही हिचाच आहे."

खोटं कशाला बोलू, माझ्या पोटात गुदगुल्या झाल्या. घुमट, अंधार, माइक आणि मी! शंभर पोरं आणि माझे शंभर आवाज! मी ताईकडे बघितलं. तिची मान छताकडे गेली होती, पण डोळे तिरके होऊन माझ्यावरच होते. ती बोलायला लागली. टक. टक. खूप वेळ. या वेळी कुणीच मध्ये बोललं नाही, साहेबसुद्धा नाहीत, कारण आपण जिंकलो असं त्यांना वाटत होतं.

"आवाज तिचा आहे," यंत्र म्हणालं, माझ्याच आवाजात. "बोलणं माझं आहे."

माझ्या गुदगुल्या जागच्या जागी विरल्या. "मला नको," मी म्हटलं. "आणि साहेब, मी बोलायला लागले तर पहिली नक्कल तुमचीच करणार, सांगून ठेवते."

अध्यक्षबाईंनी चष्मा काढून पुसला. "शनिवारी दोन शाळा येतायत," त्या म्हणाल्या. "पहिल्या शाळेसमोर ही बसेल. मी मागे बसेन. मग बघू."

"पण अंधारात शांतता पडली की मुलं गोंधळ करतात, बाई!" साहेब कळवळून म्हणाले. "मी वर यंत्रांच्या खोलीत राहणार. शांतता फार लांबली तर मी माझी टेप लावणार. तारांगणाची काही इज्जत आहे की नाही!"

"लावा," अध्यक्षबाई म्हणाल्या. "टेप लागली तर प्रश्नच मिटला."

म्हणजे सगळं त्या एका टेपवर आलं. ती वाजली, की ताई पुन्हा मागच्या खोलीत, लिहायला.

घरी आल्यावर मी म्हटलं, उत्तरं आधीच भरून ठेवू. पोरं काय विचारणार ते ठरलेलंच असतं, टेप लागायची वेळच येणार नाही. आईलाही पटलं. ताईने आमच्याकडे असं बघितलं, की आम्ही दोघी मामा झालो.

'प्रश्न त्यांचे असतील तर उत्तरं आधी कशी असतील?' ती म्हणाली. 'मला खाली दुकानात न्या. बाबांना एक मोटर काढून ठेवायला सांगा.'

मग ती आणि बाबा दुकानात बसले. शिलाई मशीनची मोटर, तिचा वेग कमी करायला दातेरी चाकं, वर बसवलेला टॉर्च, टॉर्चच्या तोंडावर काळा कागद आणि त्या कागदाला सुईने पाडलेलं एक भोक. "हे काय आहे?" मी विचारलं. "मलाही सांगितलेलं नाही," बाबा म्हणाले, "पण फिरवायचं इतकं हळू, की गोगलगायीला वाटावं आपण पळतोय."

शनिवार उजाडला. घुमटाखाली पोरं आली, शिट्टीवाल्या सरांच्या मागे. बाबा आपली मोटर घेऊन एका कडेला बसले. मी ताईच्या शेजारी बसले, आणि तोंड उघडायचं नाही अशी शपथ तिने माझ्याकडून घेतली होती. मोठ्या यंत्राने आकाश उघडलं, पोरांनी "होऽऽ" केलं, आणि ताईच्या लिहून ठेवलेल्या निवेदनाचा पहिला भाग माझ्या आवाजात पार पडला. इथवर सगळं सोपं होतं.

"आता प्रश्न विचारा," ताई म्हणाली.

पुढच्या रांगेत एक मुलगी उभी राहिली. दोन वेण्या, आवाज कर्कश, मला लगेच आवडला. "ते लांब गेलेलं यान आहे ना, त्याचं उत्तर यायला इतका वेळ लागतो, तर ते हरवलं असं नाही का वाटत?"

ताईने सुरुवात केली. टक. टक. आणि शांतता पडली.

अंधारातली शांतता उजेडातल्यापेक्षा लांब असते. कुणीतरी खुदकन हसलं. कुणीतरी बाकाला लाथ मारली. मागून एकाने बेडकाचा आवाज काढला, तोही सुमार. मी वर बघितलं. यंत्रांच्या खोलीच्या काचेतून साहेबांचा चेहरा दिसत होता, हिरव्या दिव्यात, आणि त्यांचा हात कशावर तरी होता.

शिट्टीवाले सर उठले. "मुलांनो, गप्प! ताईंना असं म्हणायचंय की..."

"थांबा, माझं बोलून झालेलं नाही!"

सर धपकन खाली बसले. माझा आठ वर्षांचा, पेन्सिल जळालेला, खणखणीत राग घुमटाला आपटून परत आला. पोरं आनंदाने किंचाळली. आणि ताईने लगेच पुढचं बटण दाबलं, प्रश्नांच्या वेळेसाठी हे एवढंच तिने आधी भरून ठेवलं होतं.

"मी आता लांबच्या यानात आहे. तुमचा प्रश्न माझ्याकडे निघालाय. तो बघा."

बाबांची मोटर घुर्रर्र झाली. त्या वेणीवाल्या मुलीच्या डोक्यावर, घुमटाच्या अगदी खालच्या काठाला, सुईच्या टोकाएवढा प्रकाशाचा ठिपका उगवला आणि सरकायला लागला. इतका हळू, की सरकतोय की नाही ते कळायला एक तारा धरून बघावं लागत होतं. पोरं तेच करायला लागली. "सरकला! सरकला!" "कुठे?" "त्या निळ्याच्या पलीकडे गेला!" "शूऽऽ, दमवू नको त्याला!" ठिपका चढत होता, आणि खाली ताईचा गुडघा चालला होता, टक, टक, टक. बेडूक थांबला. बाक थांबले. मी आयुष्यात कधी इतकी पोरं इतकी गप्प पाहिली नव्हती, आणि मी तर स्वतः पोरांतलीच आहे. ठिपका माथ्यावर आला.

आणि टेप लागली.

सनई की व्हायोलिन काय होतं कोण जाणे, त्यातून घसा खाकरला गेला, आणि घुमटभर आवाज पसरला, "मित्रहोऽऽ! अथांग अंतराळाच्या या प्रवासात..."

संपलं. ताईचा गुडघा तसाच चालत होता, टक, टक, जणू काही झालंच नाही, पण मला दिसत होतं, तिची मान वाकडी होत चालली होती. आणि मी शपथ घेतलेली!

पण पोरांनी कुठे घेतली होती? पुढच्या रांगेतून तो कर्कश आवाज उठला. वेणीवाली बाकावर चढून वर काचेकडे बघत ओरडली,

"थांबा! तिचं बोलून झालेलं नाही!"

आणि मग सगळा घुमट. "थांबाऽऽ! तिचं बोलून झालेलं नाहीऽऽ!" शिट्टीवाले सर दोन्ही हात हलवून त्यांना बसवत होते, त्यांच्याकडे कुणी बघतही नव्हतं. मागच्या रांगेत एक पांढरं डोकं उभं राहिलेलं मला दिसलं. अध्यक्षबाईंनी तोंडापाशी हातांचा भोंगा केला आणि, काय सांगू, त्या वयात काय आवाज! "साहेब, टेप बंद करा! ठिपका अजून पोहोचायचाय!"

टेप बंद झाली. एकदम. 'प्रवासा'च्या 'सा'वरच.

पुन्हा शांतता. ठिपका माथ्यावरून पलीकडे उतरायला लागला. त्याच्याबरोबर सगळ्या माना फिरल्या. टक. टक. तो ताईच्या बाजूच्या काठाला टेकला आणि बाबांनी मोटर उलटी केली. आता उत्तर निघालं होतं, पुन्हा तेवढंच हळू, वेणीवालीकडे. ती बाकावरच उभी राहिली, हात पसरून, झेल घेतल्यासारखी. ठिपका तिच्या डोक्यावर आला आणि विझला, आणि यंत्र बोललं.

"वाटतं. खूपदा वाटतं की ते हरवलं. म्हणून तर ऐकणाऱ्यांनी उठून जायचं नसतं."

वेणीवालीने क्षणभर विचार केला. "मग अजून एक प्रश्न," ती म्हणाली, आणि घुमटाखालचे सगळे हात वर झाले.

खेळ संपला तेव्हा मित्रहोसाहेब खाली आले. अध्यक्षबाई आधीच निघून गेल्या होत्या, जाताना त्यांनी बाबांना मोटर कुठे मिळते ते विचारलं होतं आणि ताईला एवढंच म्हणाल्या होत्या, "सोमवारपासून रोजचे खेळ." साहेब ताईच्या खुर्चीसमोर उभे राहिले. घसा खाकरला, पण 'मित्रहो' काही आलं नाही.

ताईने गुडघा हलवला. टक. पडद्यावर आलं, 'दि'.

साहेबांचं तोंड उघडलं. मी बघत होते. दिवस, दिशा, दिलगीर, सगळं त्यांच्या जिभेवर येऊन उभं होतं, ओठ थरथरत होते. आणि त्यांनी तोंड मिटलं. कपाळावर घाम आला तरी मिटलेलं ठेवलं. ताईच्या ते लक्षात आलं, मी माझ्या बहिणीला ओळखते. एरवी ती एवढं वाक्य झटक्यात उरकते, त्या दिवशी तिने प्रत्येक अक्षराआधी पडद्याला दोन-दोन फेऱ्या मारू दिल्या. साहेब एका पायावरून दुसऱ्यावर गेले. रुमाल काढला. परत ठेवला.

शेवटी यंत्र म्हणालं, "दिवे घालवा, साहेब. पुढची शाळा आत येतेय."

साहेब दिवे घालवायला गेले.